एका दिवसात ४८ सेंटिमीटर बर्फ पडला, मग साठा २५नेच कसा वाढला?

जपानमधल्या स्की-गावाचा सकाळचा तक्ता पहिल्यांदा पाहणारा हमखास गोंधळतो. समजा, एका रकान्यात लिहिलंय : गेल्या २४ तासांत पडलेला बर्फ ४८ सेंटिमीटर. शेजारी एकूण खोली : काल १८०, आज २०५. वाढ फक्त २५ची. मग उरलेले २३ सेंटिमीटर गेले कुठे? वितळले म्हणावं, तर तापमान उणे आठ. आकडा फुगवलाय, असा संशय येतो आणि बहुतेक वेळा तो चुकीचा असतो. दोन्ही आकडे खरे असतात, फक्त ते वेगवेगळ्या गोष्टी सांगतात.

मुंबईहून आठ-नऊ तासांचा विमानप्रवास आणि भरपूर पैसे खर्चून तिथं जायचं, तर हे आकडे वाचता आलेले आणि आधीपासून वहीत टिपून त्यांचा माग ठेवलेला बरा.

हिवाळ्यातलं कोकण

पावसाळ्यात अरबी समुद्रावरून आलेले ढग सह्याद्रीला अडतात, कोकण आणि घाटमाथा झोडपून काढतात आणि वाई ओलांडली की छत्री मिटता येते. जपानमध्ये हेच नाट्य हिवाळ्यात घडतं, फक्त पाण्याऐवजी बर्फ पडतो. सायबेरियावर थंडीत हवा जड होऊन साचते. तिथून सुटलेला कोरडा, गारठलेला वारा वायव्येकडून जपानच्या समुद्रावर येतो. या समुद्रात त्सुशिमा नावाचा कोमट प्रवाह दक्षिणेकडून शिरतो. थंडीतल्या पहाटे विहिरीच्या पाण्यावर वाफ तरंगते ना, तसंच इथं होतं, पण शेकडो किलोमीटरभर. त्या वाफेचे ढग होतात, किनाऱ्यामागच्या डोंगरांवर चढतात आणि तिथंच रिकामे होतात.

डोंगरापलीकडचं टोकियो हे मग आपल्या देशावरच्या बाजूसारखं. जानेवारीत तिथं निळंभोर आकाश आणि ओठ फुटतील इतकी कोरडी हवा. टोकियोहून निघालेली जोएत्सु शिन्कान्सेन ही बुलेट ट्रेन २२ किलोमीटरच्या दाई-शिमिझु बोगद्यात कोरड्या बाजूने शिरते आणि बाहेर पडते ती युझावाच्या बर्फात. जुलैत पुण्याहून मुंबईला जाताना खंडाळ्याच्या बोगद्यांपाशी जो पालट दिसतो, त्याचाच हा थंड अवतार.

यातून एक महत्त्वाची गोष्ट निघते. आल्प्समध्ये किंवा आपल्या गुलमर्गमध्ये बर्फ मुख्यतः वादळांबरोबर येतो : दोन दिवस धो धो, मग आठवडाभर ऊन. जपानच्या पश्चिम उतारांवर मात्र वारा वाहतोय तोवर रोज थोडाथोडा पडत राहतो. म्हणून तिथं वादळाची वाट पाहायची नसते, थंड वाऱ्यावर लक्ष ठेवायचं असतं. अपवाद अर्थातच असतात. ४ फेब्रुवारी २०२५ रोजी होक्काइदो या उत्तरेकडच्या बेटावर, पूर्वेकडच्या ओबिहिरो शहरात १२ तासांत १२० सेंटिमीटर बर्फ पडला, हा जपानमधला विक्रम. तो वायव्येच्या वाऱ्याचा नव्हता. एका कमी दाबाच्या क्षेत्राने पॅसिफिकच्या बाजूने आणलेला होता.

आवक आणि साठा

आता त्या हरवलेल्या २३ सेंटिमीटरकडे वळू. पावसाळ्यात कोयना धरणाची बातमी वाचणाऱ्याला हे लगेच कळेल. बातमीत नवजा, महाबळेश्वर आणि कोयनानगरचा २४ तासांतला पाऊस असतो आणि धरणातला साठाही असतो. पाऊस वेगळा, साठा वेगळा. दोन्ही एकाच मापाने मोजले जात नाहीत, म्हणून गोंधळ होत नाही. बर्फाची आवक आणि साठा मात्र दोन्ही सेंटिमीटरमध्येच लिहितात. जपानी तक्त्यावर आवकेला ‘कोसेत्सु’ आणि साठ्याला ‘सेकिसेत्सु’ म्हणतात. एवढे दोन शब्द लक्षात ठेवले तरी अर्धं काम झालं.

नवा बर्फ म्हणजे नुकता पिंजलेला कापूस. एका घनमीटर ताज्या, सुक्या बर्फाचं वजन ५० ते १०० किलो असतं, तेवढ्याच पाण्याचं १,००० किलो. म्हणजे जवळपास नव्वद टक्के किंवा त्याहून अधिक हवाच. पिंजारी गादी भरून देतो तेव्हा ती फुगलेली असते, चार रात्री झोपलं की बसते. बर्फाचंही तसंच, फक्त तो काही तासांतच बसू लागतो. चांदणीसारख्या हिमकणांची टोकं तुटतात, कण गोलसर होतात आणि वरून पडणारा बर्फ खालच्याला दाबतो. वितळण्याची गरजच नसते.

जपानच्या हवामान संस्थेचं स्वयंचलित केंद्रांचं जाळं आहे, ‘अमेदास’. ते नोव्हेंबर १९७४पासून चालू आहे. पाऊस मोजणारी केंद्रं सुमारे १,३०० आणि त्यांतली बर्फाची खोली मोजणारी तीनशेहून थोडी अधिक. खांबावरचं यंत्र लेसर किंवा ध्वनिलहर खाली सोडतं आणि बर्फाचा पृष्ठभाग किती दूर आहे ते मोजतं. दर तासाला खोली वाढली असेल तर ती वाढ आवकेत धरायची, घटली असेल तर शून्य धरायचं. अशा २४ तासांच्या वाढींची बेरीज म्हणजे दिवसाची आवक. तासातासाने बेरीज होत राहिली, मधल्या काळात बर्फ बसत राहिला, म्हणून बेरीज ४८ आणि खोलीतली वाढ २५.

स्की-केंद्रांची पद्धत बरीचशी हाती असते. पांढरी फळी ठेवायची, ठरल्या वेळी तिच्यावरच्या बर्फात पट्टी खुपसून आकडा घ्यायचा, फळी झाडून पुन्हा ठेवायची. फळी किती वेळा झाडली त्यावर आकडा बदलतो. दर सहा तासांनी झाडली तर दिवसाची बेरीज जास्त येते, एकदाच झाडली तर कमी. दोन केंद्रांच्या आकड्यांची तुलना करायची, तर त्यांच्या झाडण्याच्या वेळा एकच हव्यात, आणि तसं क्वचितच असतं. म्हणून एका केंद्राची त्याच केंद्राच्या गेल्या वर्षाशी तुलना करणं जास्त शहाणपणाचं.

जाता जाता, विक्रम साठ्याचे की आवकेचे, हेही तपासावं. आओमोरीतल्या सुकायुचे ५६६ सेंटिमीटर (२६ फेब्रुवारी २०१३) आणि इबुकी डोंगरावरचे ११८२ सेंटिमीटर (१४ फेब्रुवारी १९२७) हे दोन्ही साठ्याचे आकडे. होक्काइदोतल्या प्रसिद्ध स्की-केंद्राबद्दल ‘निसेकोला १५ मीटर’ असं जाहिरातीत येतं ती मात्र अख्ख्या हंगामाची आवक. तिथं कोणीही १५ मीटर बर्फावर उभं नसतं.

आकडा गावातला की डोंगरावरचा?

निसेकोचा अंदाज म्हणून बरेच जण जो पाहतात, तो शेजारच्या कुच्चान गावातल्या हवामान केंद्राचा असतो. ते समुद्रसपाटीपासून १७६ मीटरवर आहे आणि निसेको आन्नुपुरी डोंगराचा माथा १,३०८ मीटरवर. होन्शु या मुख्य बेटावरच्या हाकुबा या स्की-गावाचं हवामान केंद्र सुमारे ७०० मीटरवर, तर तिथल्या हाप्पो-ओने स्की-केंद्राची सर्वांत वरची लिफ्ट १,८३१ मीटरला संपते. दोन्हीकडे फरक साधारण ११३० मीटरचा. उंची १०० मीटरने वाढली की तापमान सुमारे ०.६ अंशाने उतरतं, तेव्हा गाव आणि माथा यांत सात अंशांचं अंतर पडतं. गावात २ अंश आणि रिमझिम असेल, तर माथ्यावर उणे पाच आणि सुंदर सुका बर्फ असू शकतो. मोबाइलवरच्या ॲपमध्ये पावसाचं चिन्ह पाहून बेत रद्द करणारे इथंच फसतात.

उलटंही होतं. वर उणे एक आणि खाली सहा असेल, तर अर्ध्या डोंगरावर ओला, चिकट बर्फ मिळतो. त्यावर स्की सरकत नाही, रुतते. बर्फ आणि पाऊस यांची सीमारेषा कोणत्या उंचीला आहे, हे लिहून ठेवणं हा माग ठेवण्यातला सर्वांत मोलाचा आणि सर्वांत दुर्लक्षित भाग.

उद्या किती पडेल, हे कुठे दिसतं?

पहिल्यांदा दाबाचा नकाशा. पश्चिमेला उच्च दाब आणि पूर्वेला कमी, या मांडणीला जपानी बातम्यांत ‘सेइको-तोतेइ’ म्हणतात. समान दाबाच्या रेषा उत्तर-दक्षिण उभ्या आणि दाटीने असतील तर वारा जोरदार. तो ढगांना थेट डोंगरावर चढवतो, म्हणून डोंगरात जास्त पडतो : ‘यामा-युकी’. रेषा विरळ होऊन समुद्रावर पिशवीसारख्या फुगल्या आणि वरच्या थरात कडक थंडी आली, तर ढग किनाऱ्याजवळच मोकळे होतात : ‘सातो-युकी’, गावचा बर्फ. यात किनाऱ्याजवळच्या शहरांची दैना होते आणि आतल्या बाजूच्या हाकुबाला मात्र फारसं काही मिळत नाही. समुद्राकडे तोंड करून बसलेल्या म्योको या स्की-गावाला दोन्ही प्रकारांत वाटा असतो.

दुसरं, वरच्या हवेचं तापमान. साधारण १,५०० मीटरवर, म्हणजे ८५० हेक्टोपास्कलच्या पातळीवर, उणे ६ किंवा त्याहून कमी असेल तर होन्शुच्या सखल भागातही पाऊस नव्हे, बर्फ पडण्याची शक्यता धरतात. पाच हजार मीटरच्या वर, ५०० हेक्टोपास्कलला, उणे ३६ दिसलं तर मोठ्या हिमवर्षावाची खूण. नोतो द्वीपकल्पावरच्या वाजिमा इथून फुगे सोडून ही मोजणी होते आणि होन्शुच्या जपान-समुद्राकडच्या होकुरिकु भागासाठी वाजिमाचा आकडा पाहण्याची जुनी रीत आहे. इथंही आडात नसेल तर पोहऱ्यात येत नाही. समुद्र कितीही कोमट असला, तरी वरची थंडी नसेल तर डोंगरावर पाऊसच पडणार.

तिसरं, उपग्रहाचं चित्र, आणि नवख्याने सुरुवात खरं तर इथूनच करावी. हिमावारी उपग्रह जपानवरचं चित्र दर अडीच मिनिटांनी घेतो. समुद्रावर शेणाने सारवलेल्या अंगणातल्या बोटांच्या ओळींसारखे ढगांचे पट्टे दिसतात. आशियाच्या किनाऱ्यापासून हे पट्टे किती दूर सुरू होतात ते पाहायचं. अंतर जितकं कमी, तितकी थंडी जोरदार. कधी या पट्ट्यांमध्ये एक जाडजूड दोर दिसतो. कोरिया-चीन सीमेवरच्या पेक्तु डोंगराला वळसा घालून दुभंगलेला वारा समुद्रावर पुन्हा एकत्र येतो, तिथं ढग दाटतात. हा दोर ज्या किनाऱ्याला टेकतो, तिथं काही तासांत वाहतूक ठप्प होऊ शकते. डिसेंबर २०२०मध्ये गुन्माच्या फुजिवारा केंद्रावर ४८ तासांत १९९ सेंटिमीटर पडला आणि कान-एत्सु महामार्गावर दोन हजारांहून अधिक गाड्या अडकल्या, ती परिस्थिती अशाच जोरदार थंड लाटेची.

पुढच्या सहा तासांपुरतं पाहायचं, तर हवामान संस्थेचं ‘कोंगो नो युकी’ हे पान आहे. २०१९च्या नोव्हेंबरपासून त्यावर पाच किलोमीटरच्या चौकटींत दर तासाची अंदाजित खोली आणि आवक दिसते, २०२१पासून पुढच्या सहा तासांचा अंदाजही. मोजणीचं केंद्र नसलेल्या खोऱ्यांसाठी हे फार कामाचं. फक्त पाच किलोमीटरच्या चौकटीत अख्खा डोंगर आणि त्याची दोन्ही अंगं मावतात, हे ध्यानात ठेवायचं.

पडला, पण टिकला का?

स्की करणाऱ्याला शेवटी हवा असतो तो पायाखालचा बर्फ, तक्त्यातला नव्हे. पडल्यानंतर वारा, ऊन आणि पाऊस हे तिघं त्याचं काय करतात, यावर सगळं अवलंबून.

सेकंदाला पाच-सहा मीटरचा वाराही हलका बर्फ उचलतो. वायव्येचा वारा वायव्येकडची अंगं खरवडून आग्नेयेकडच्या अंगांवर बर्फ टाकतो. म्हणजे फळीवर २० सेंटिमीटर आणि प्रत्यक्षात एका उतारावर पाच तर पाठीमागच्या घळीत साठ. मोहाची जागा हीच आणि धोक्याचीही हीच. वाऱ्याने आणून टाकलेला थर ताठ पाटीसारखा असतो, खालच्या मऊ थरावर नीट चिकटलेला नसतो, वजन पडलं की पाटी सुटते. शिवाय आग्नेयेच्या अंगाला सकाळचं ऊन आधी लागतं, म्हणून तिथला बर्फ दहा-अकरापर्यंत ओलसर होतो आणि रात्री त्यावर पापडी धरते. उत्तरेकडची, झाडीतली अंगं दोन-तीन दिवस मऊ राहतात. नवा बर्फ थांबून दोन दिवस झाले असतील, तर तिकडे वळावं.

पाऊस हा खरा शत्रू. जानेवारीतही कधी दक्षिणेकडून उबदार हवा येते, माथ्यापर्यंत पाऊस होतो आणि मग थंडी परतली की सगळ्या डोंगराला काचेची झिलई चढते. त्यावर पंधरा सेंटिमीटर नवा बर्फ पडला तरी प्रत्येक वळणाला खालची काच लागते. वहीत पावसाची तारीख ठळक लिहावी. ती पुढचे कित्येक दिवस उपयोगी पडते.

बर्फ सुका की जड, हे ढगातल्या तापमानावरही ठरतं. होक्काइदो विद्यापीठात उकिचिरो नाकाया यांनी १९३६ साली प्रयोगशाळेत सशाच्या केसावर पहिला कृत्रिम हिमकण वाढवला आणि पुढे कोणत्या तापमानाला, किती बाष्पात कोणता आकार येतो याचा नकाशाच तयार केला. उणे १५च्या आसपास, भरपूर बाष्पात फांद्याफांद्यांच्या चांदण्या वाढतात. त्या एकमेकींत अडकून मधे हवा धरतात. फुंकर मारली की उडणारा बर्फ तो हा. म्हणूनच जास्त थंड होक्काइदोचे ३० सेंटिमीटर आणि होन्शुतल्या निइगाताचे ३० सेंटिमीटर फावड्यावर सारखे लागत नाहीत.

तक्त्यात आणखी एक जोडी भेटते : ‘आस्सेत्सु’ म्हणजे यंत्राने दाबून सपाट केलेली वाट आणि ‘हि-आस्सेत्सु’ म्हणजे न दाबलेली. शिकाऊ माणसाने पहिलीच्या लांबीकडे पाहावं. आवकेचा आकडा त्याच्यासाठी जवळपास निरुपयोगी आहे.

मग जास्त बर्फ म्हणजे जास्त मजा?

नाही. वारा सेकंदाला १५ मीटरच्या आसपास गेला की बऱ्याच लिफ्ट आणि गोंडोले मंदावतात किंवा थांबतात. लिफ्टगणिक मर्यादा वेगळी. सत्तर सेंटिमीटर पडलेल्या सकाळी वरचा अर्धा डोंगर बंद असणं नेहमीचंच. खरी सकाळ बहुधा दुसऱ्या दिवशीची असते : वारा पडलेला, वरची लिफ्ट सुरू, बर्फ अजून न बसलेला.

जपानमध्ये आणखी एक खास अडचण. जाड बर्फाच्या पांघरुणाखाली जमीन गोठत नाही, शून्याजवळ राहते, आणि उतारांवर सासा नावाचा बुटका बांबू आडवा झोपलेला असतो. त्यावरून बर्फाचा सगळाच्या सगळा थर हळूहळू घसरतो आणि उतारावर तोंड वासल्यासारखी तपकिरी भेग दिसते. तो थर कधी सुटेल याचा नेम नसतो. भेगेच्या खाली थांबायचं नाही, एवढाच नियम. निसेकोत दर सकाळी हिमस्खलनाची माहिती निघते आणि हद्दीबाहेर जायचं तर ठरलेल्या फाटकांतूनच, तेही उघडी असली तरच.

एल निन्यो आहे, म्हणजे वर्ष वाया?

ला निन्याच्या हिवाळ्यात जपानमध्ये थंडी जोर धरण्याकडे कल असतो, एल निन्योत उबदारपणाकडे. पण कल म्हणजे हमी नव्हे. २०१९-२०चा हिवाळा तोवरचा सर्वांत उबदार ठरला, बर्फही विक्रमी कमी, आणि तेव्हा जोरदार एल निन्यो नव्हता. हिंदी महासागराचा पश्चिम भाग तापलेला होता, हे त्यामागचं एक कारण मानलं गेलं. त्याच शरदात महाराष्ट्रात पाऊस ऑक्टोबरअखेरपर्यंत रेंगाळला होता, हे अनेकांना आठवत असेल. कमी बर्फाच्या वर्षीही फटका सगळीकडे सारखा बसत नाही. आधी होन्शुतली कमी उंचीची केंद्रं उघडी पडतात, होक्काइदो आणि १,५०० मीटरवरचे उतार तग धरतात. तेव्हा हंगामी अंदाज पाहून सहल रद्द करण्याऐवजी जागेची उंची वाढवावी.

तिकीट कधी काढायचं?

दहा दिवसांच्या अंदाजावरून तर नकोच. थंड लाट येणार का, हे आठवडाभर आधी बऱ्यापैकी कळतं. ती कोणत्या खोऱ्यात किती टाकेल, हे दोन-तीन दिवस आधीच. तारखा सरासरीवर ठरवाव्यात. डिसेंबरच्या पूर्वार्धात आवक चांगली असली तरी साठा तुटपुंजा : सासा आणि ओढे झाकलेले नसतात, झाडीतले मार्ग बंद असतात. मध्य जानेवारी ते मध्य फेब्रुवारी हा भर. मार्चमध्ये गंमत अशी, की डोंगरावरचा साठा सर्वांत मोठा असतो आणि आवक मंदावलेली. खोलीचा आकडा पाहून भुललेले पर्यटक या महिन्यात सगळ्यात जास्त निराश होतात. एप्रिलमध्ये रात्री गोठणारा, दुपारी मऊ होणारा दाणेदार बर्फ. यामागाताचा गास्सान डोंगर तर तेव्हा उघडतो, कारण हिवाळ्यात तिथं इतका बर्फ असतो की लिफ्ट चालवणंच शक्य नसतं. तिथं जुलैपर्यंत स्की चालतं.

वही ठेवायची तर रकाने सहा पुरेत : तारीख, आवक, साठा, माथ्याचं तापमान, वाऱ्याची दिशा आणि वेग, पाऊस-बर्फाची सीमा. केंद्रांचे तक्ते तिथल्या सकाळी सहा-सातला निघतात, म्हणजे आपल्याकडे पहाटे अडीच-साडेतीन. आपण सहाला उठून पाहिलं तर तिथं साडेनऊ वाजलेले असतात, तक्ता ताजा असतो आणि कॅमेऱ्यात उजेडही. कॅमेऱ्यात बर्फाआधी लिफ्टच्या खुर्च्या पाहाव्यात. खुर्चीवर जाड पांढरी उशी दिसली तर रात्री वारा नव्हता आणि फळीवरचा आकडा डोंगरभर लागू पडेल. खुर्च्या स्वच्छ आणि झाडांची एकच बाजू पांढरी असेल, तर तो आकडा दुसऱ्याच कुठल्या तरी घळीत जाऊन पडलाय.